हात ओळखणारा पंडित

वीसपंचवीस वर्षें ज्यानें मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, त्याला वहीवरील नांव वाचण्याची गरज फारशी उरत नाहीं. वही उघडली, चार ओळींवरून नजर फिरली, कीं ती कोणाची हें मनांत आपोआप उमटतें. यांत मौज अशी कीं, मुलानें जेथें मन लावून अक्षर काढलेलें असतें तेथें ही ओळख पटत नाहीं. आरंभींचा 'श्री', निबंधाचा मथळा, पहिलीं दोन वाक्यें, हीं सर्वांचीं जवळजवळ सारखींच असतात. कारण तीं सर्वांनीं एकाच फळ्यावरून उचललेलीं असतात. खरा मुलगा सांपडतो तो तिसऱ्या पानावर. तेथें हात थकलेला असतो, लक्ष मजकुरांत गुंतलेलें असतें. अशा वेळीं 'श'ची गांठ, 'ळ'चें पोट, कान्याचा तळ, वेलांटीचें वळण आपण कसें काढीत आहों याचा विचार कोणीहि करीत नाहीं. म्हणूनच या गोष्टी दुसऱ्याच्या उसन्या घेतां येत नाहींत.

हें कौशल्य बहुतेक शिक्षकांच्या अंगीं असतें आणि आम्ही तें आजवर अगदीं क्षुल्लक समजत होतों. परंतु नेमक्या ह्याच कौशल्यावर एका विद्वानानें आपलें साठ वर्षांचें विद्याजीवन उभें केलें, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या, ज्यांचें नांवहि मागें उरलें नाहीं अशा शेंकडों कारागिरांस पुन्हां माणसांत आणिलें, हें आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत कळलें. तें कळण्यास घरांतील एक वाद कारण झाला.

आमच्या वडील बंधूंची नात गेल्या वर्षीं बी. ए. झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं रात्रीं पानें वाढलेलीं असतां तिनें सांगितलें कीं, आपणांस ग्रीक व रोमन कला आणि पुरातत्त्व हा विषय घेऊन पुढें शिकावयाचें आहे. घरांत एक मुलगा इंजिनिअर, एक सून डॉक्टर, एक नातू बँकेंत. अशा घरांत हें बोलणें म्हणजे वरणभातांत खडा लागावा तसें झालें. बंधूंस घरांत सर्वजण अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "परक्यांचीं फुटकीं मडकीं न्याहाळून कोणाचें पोट भरलें आहे?" आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तूं मास्तर आहेस. तूंच हिला समजाव." नात उठली; एक पुस्तक आणून तिनें आमच्यापुढें ठेविलें आणि म्हणाली, "धाकटे आजोबा, आधीं हें वाचा, मग मला समजवा."

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें जाऊं शकलों नाहीं. संस्कृत शिकलों तें पाठशाळेंत, शास्त्रीबोवांच्या समोर बसून. पुढें जुन्या पोथ्यांचें काम करावें अशी फार हौस होती. परंतु घरची निकड पाहून शाळेंत नोकरी धरली. तेव्हां आम्हांस समजावयास कोणी बसलें नव्हतें. आमचे आम्हीच समजलों. कदाचित् म्हणूनच नातीस एक शब्द बोलण्यापूर्वीं तें पुस्तक आम्हीं समग्र वाचलें आणि त्यानंतर आणखी चार मागविलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

ज्या गृहस्थांविषयीं आम्ही बोलत आहों त्यांचें नांव जॉन डेव्हिडसन बीझली. १३ सप्टेंबर १८८५ रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजांत त्यांनीं ग्रीक व लॅटिन यांचा अभ्यास केला आणि १९०७ सालीं ग्रीक गद्यरचनेचें गेझफर्ड पारितोषिक मिळविलें. त्या निबंधाचा विषय ऐकून वाचकांस हंसूं येईल. हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार आधुनिक प्राणिसंग्रहालय पाहावयास गेला आहे, अशी कल्पना करून त्यांनीं तें वर्णन हिरोडोटसच्याच भाषेंत लिहिलें होतें. आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्यानें बाणभट्टाच्या शैलींत मुंबईच्या राणीच्या बागेचें वर्णन करावें तसा हा प्रकार! विनोद बाजूस ठेवला तरी यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्याची शैली म्हणजे काय, ती कशानें बनते, हें या तरुणास बाविसाव्या वर्षींच आंतून उमगलें होतें. पुढें त्यांनीं जें शब्दांत ओळखलें होतें तेंच रेषेंत ओळखावयास आरंभ केला.

आतां ती रेषा कशावरची, हें सांगितलें पाहिजे. ख्रिस्तपूर्व सहाव्या व पांचव्या शतकांत अथेन्स शहरीं मातीचीं भांडीं फार सुंदर होत असत. मद्यांत पाणी मिसळण्याचे मोठे घट, पाण्याच्या घागरी, तेलाच्या कुप्या, पिण्याचे पसरट प्याले, असे त्यांचे नाना प्रकार. आणि त्यांवर देव, वीर, मल्ल, लग्नाचीं वऱ्हाडें, पाठशाळेंतील मुलें यांचीं चित्रें. तेथील मातींत लोह पुष्कळ. तीच माती पाण्यांत निवळून तिचा अगदीं बारीक गाळ घ्यावयाचा व त्यानें भांड्यावर चित्र रंगवावयाचें. नंतर सर्व करामत भट्टींत. प्रथम वारा खेळूं द्यावयाचा, म्हणजे भांडें तांबडें होतें. मग झरोके बंद करून धूर कोंडावयाचा, म्हणजे सगळें काळें पडतें. शेवटीं पुन्हां वारा सोडावयाचा. तेव्हां अंगची माती परत तांबडी होते, पण बारीक गाळानें रंगविलेला भाग कांचेसारखा घट्ट होऊन गेल्यामुळें काळाच राहतो. आरंभीं आकृति काळ्या व पार्श्वभूमि तांबडी अशी रीत होती. ख्रिस्तपूर्व ५२५ च्या सुमारास ती उलटली. पार्श्वभूमि काळी करून आकृति मातीच्या रंगाच्या ठेवूं लागले. त्यामुळें स्नायु, बोटें, पापण्या, वस्त्राच्या चुण्या हें सर्व कुंचल्याच्या नाजूक रेषेनें काढतां येऊं लागलें.

हा माल जहाजांतून दूरदूर जाई. इटलींतील एट्रुस्कन लोकांस तर तो इतका प्रिय कीं, ते मृतांच्या बरोबर तो थडग्यांत ठेवीत. जगांतल्या संग्रहालयांत आज जीं धडधाकट भांडीं दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ अशा थडग्यांतून निघालेलीं आहेत. कांहीं भांड्यांवर कारागिरांच्या सह्या आहेत. एक्सेकियास, युफ्रोनिओस हीं नांवें त्यांतूनच कळतात. परंतु बहुसंख्य भांड्यांवर सही मुळींच नाहीं. बीझली या क्षेत्रांत आले त्यापूर्वीं जर्मन पंडितांनीं सहीच्या भांड्यांच्या आधारें बरेंच काम केलें होतें. पण निनांवी भांड्यांच्या ढिगाऱ्याचें काय करावयाचें हा प्रश्न मोठा होता.

येथें त्यांस एका इटालियन गृहस्थाची पद्धति उपयोगी पडली. जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) हे वैद्यकाचें शिक्षण घेतलेले कलापारखी होते. त्यांचें म्हणणें असें कीं, चित्र कोणाचें हें ठरवितांना मुख्य आकृतीचा भाव किंवा एकंदर मांडणी पाहूं नये. त्यांचें अनुकरण शिष्यहि करतो. कानाची पाळी, बोटांचीं नखें, असें जें चित्रकार संवयीनें काढतो तें पाहावें. आमच्या वह्यांतील तिसरें पान तें हेंच!

बीझलींनीं ही दृष्टि ग्रीक भांड्यांकडे वळविली. बर्लिनच्या संग्रहालयांत एट्रुस्कन भूमींतून आलेला एक उंच घट आहे. त्यावर हर्मीस देव, एक वनचर सॅटिर व एक हरिण अशा तीन आकृति एकमेकींवर चढत, तकतकीत काळ्या पृष्ठावर चौकटीशिवाय उभ्या आहेत. सही नाहीं. १९११ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत बीझलींनीं या घटावरील शरीररेषांचा बारकाईनें अभ्यास केला. गळ्याखालचें हाड, छातीचे स्नायु, घोटा, कान, वस्त्राची कड, हीं पुन्हां पुन्हां कशीं येतात तें पाहिलें आणि निरनिराळ्या देशांतील कितीतरी भांडीं त्याच हातचीं आहेत असें दाखविलें. या हातास त्यांनीं 'बर्लिनचा चित्रकार' असें नांव दिलें. आज त्याच्या हातचीं म्हणून तीनशेंहून अधिक भांडीं मानलीं जातात, आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें केवळ त्याच्या कामाचें एक मोठें प्रदर्शन भरलें. ज्याचें खरें नांव कोणास ठाऊक नाहीं, अशा कुंभारवाड्यांतल्या माणसाचा हा मान!

मग नांवांची रांगच लागली. बोस्टनच्या एका घटावर पॅन देव गुराख्यामागें धांवतो, म्हणून तो 'पॅनचा चित्रकार'. व्हॅटिकनमधील घटावर अकिलीस उभा, म्हणून तो 'अकिलीसचा चित्रकार'. एकाच्या आकृतींचीं कोपरें नेहमीं बाहेर आलेलीं, तर तो 'कोपरें बाहेर काढणारा'! शिक्षकांनीं मुलांस ठेविलेल्या टोपण नांवांची आम्हांस येथें आठवण झाली. अशा नांवांत थट्टा थोडी आणि ओळख फार असते.

हें काम बसल्या जागीं होण्यासारखें नव्हतें. अथेन्स, रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस, बर्लिन, अमेरिकेंतील शहरें, जेथें जेथें हीं भांडीं होतीं तेथें तेथें बीझली गेले. भांडें हातांत घेऊन, पातळ कागद त्यावर धरून पेन्सिलीनें रेषा उतरून घ्यावयाची ही त्यांची रीत. रेषा पाहिल्यानें डोळ्यास कळते, पण ती गिरविल्यानें हातास कळते. आणि हातास कळल्यावांचून दुसऱ्याचा हात ओळखूं येत नाहीं. अक्षर गिरविण्याचा आमच्या पिढीचा आग्रह अगदींच वेडगळ नव्हता असें आम्हांस यावरून वाटलें. १९१९ मध्यें त्यांचा विवाह झाला. पत्नी मेरी यांनीं छायाचित्रण शिकून पतीसाठीं भांड्यांचीं असंख्य छायाचित्रें घेतलीं. विद्वानाच्या ग्रंथावर एकच नांव असतें, परंतु त्यामागें घरांतील दुसरे दोन हात असतात, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस निराळें सांगावयास नको.

त्यांच्या नजरेची खरी परीक्षा फुटक्या तुकड्यांवर झाली. इटलींतील काम्पाना नांवाच्या एका श्रीमंताचा प्रचंड संग्रह एकोणिसाव्या शतकांत त्याच्या हातून गेला आणि त्याची फांकाफांक झाली. एकाच प्याल्याचे तुकडे निरनिराळ्या देशांत पडले. बीझलींनीं फ्लॉरेन्स येथील तुकडे अभ्यासून त्यांचे जोडीदार इतर शहरांत कोठें आहेत हें दाखविलें, व १९३३ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. एका गांवीं वीराचा खांदा, दुसऱ्या गांवीं त्याचा हात. दोहोंमध्यें राज्यांच्या सीमा. जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे या माणसाची स्मरणशक्ति.

१९२५ पासून १९५६ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथें ग्रीकरोमन पुरातत्त्व व कला या विषयाचे प्राध्यापक होते. १९४२ सालीं त्यांनीं तांबड्या आकृतींच्या चित्रकारांची सूची काढली. ती हजारांहून अधिक पानांची. १९५६ सालीं काळ्या आकृतींच्या चित्रकारांची सूची आली. १९६३ सालीं पहिल्या सूचीची दुसरी आवृत्ति, ती तीन खंडांची. ६ मे १९७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचीं टिपणें व छायाचित्रें ऑक्सफर्ड विद्यापीठानें जतन केलीं. आज संगणकावर त्यांच्या नांवानें चालणाऱ्या संग्रहांत एक लाखाहून अधिक भांड्यांची नोंद आहे, आणि ती घरबसल्या कोणासहि पाहतां येते.

याचा उपयोग काय, असें अण्णांनीं विचारलेंच. आम्हीं त्यांस भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण दिली. तेथें १९१९ सालीं आरंभलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९२५ पासून १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत तिची धुरा वाहिली. तेथें पोथ्यांचीं कुळें कशीं लावलीं? लेखकांच्या चुकांवरून. जी चूक दोन पोथ्यांत नेमकी एकाच जागीं आढळते, ती त्यांचें नातें सांगते. पोथी लिहिणारा जें बुद्धिपुरस्सर लिहितो त्यापेक्षां नकळत चुकतो तें अधिक बोलकें. भांड्यांचेंहि तसेंच. हात वेगळे झाले कीं गुरु कोण, शिष्य कोण, कोणता कारखाना केव्हां चालला, कोणाचा माल कोणत्या बंदरास गेला, हें हळूहळू उलगडतें. राजांच्या नांवांनीं भरलेल्या इतिहासांत मजुराच्या बोटांसहि जागा मिळते. अण्णांनीं यावर मान हालविली; पण ती होकाराची कीं नकाराची, हें कळलें नाहीं.

येथपर्यंत लिहून थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. पण तो अपुरा राहिला असता. या विद्येस एक दुखरी बाजू आहे. बीझलींनीं निर्णय दिले, परंतु त्यांचीं कारणें क्वचितच सविस्तर लिहिलीं. म्हणून पुढील पिढीनें त्यांस प्रश्न विचारले. १९९४ सालीं मायकेल व्हिकर्स व डेव्हिड गिल यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्राचीन काळीं हीं भांडीं स्वस्त वस्तु होत्या, खरी प्रतिष्ठा सोन्यारुप्याच्या भांड्यांस होती, आणि आपण मातीस नसतें मोल चढविलें. हा वाद विद्वानांचा. दुसरी गोष्ट मात्र बाजाराची आहे. निनांवी भांड्यास चित्रकाराचें नांव मिळालें कीं त्याची किंमत वाढते. आणि किंमत वाढली कीं थडगीं फोडणारांचे हात शिवशिवूं लागतात.

१९७२ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयानें युफ्रोनिओसच्या सहीचा एक अप्रतिम घट सुमारें १० लक्ष डॉलरांस विकत घेतला. युद्धांत पडलेल्या सार्पेडॉनचें शव निद्रा आणि मृत्यु हे दोघे भाऊ हळुवार उचलीत आहेत, असें त्यावरील चित्र. खरेदीच्या वेळीं तेथील ग्रीकरोमन विभागाचे प्रमुख डीट्रिख फॉन बोथमर हे बीझलींचेच शिष्य होते. घट किती थोर आहे हें त्यांस क्षणांत कळलें. पण तो आला कोठून? पुढें निष्पन्न झालें कीं, १९७१ च्या अखेरीस इटलींतील चेर्वेतेरी गांवाजवळ एक एट्रुस्कन थडगें चोरून उकरून तो काढला होता. २००८ सालीं तो इटलीस परत करावा लागला. घट परत आला; परंतु त्या थडग्यांत त्याच्या शेजारीं काय होतें, तें कोणाचें होतें, ही माहिती चोरांच्या फावड्याखालीं कायमची गेली. बीझली स्वतः भांडें कोठें सांपडलें हें ठाऊक असेल तेथें आपल्या सूचींत नमूद करीत. त्यांस या व्यवहाराचा दोष देतां येणार नाहीं. पण हात ओळखणें म्हणजे सर्व ओळखणें नव्हे, एवढें यावरून निश्चित होतें.

हें वाचतांना आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट आठवली व पुस्तक खालीं ठेवावें लागलें. एकदां नववीच्या वर्गांत दोन निबंध एकाच हातचे आहेत असें आम्हीं पाहतांक्षणींच ओळखलें. नांवें दोन, 'श'ची गांठ एक. आमच्या नजरेचा आम्हांस अभिमान वाटला. दोघांहि मुलांस वर्गापुढें उभें केलें, फसवेगिरीवर दहा मिनिटें बोललों. त्यांनीं माना खालीं घातल्या. एक अक्षर बोलले नाहींत. पुढें महिन्याभरानें कळलें कीं, त्यांपैकीं एकाची आई इस्पितळांत होती आणि तो आठ रात्री तिच्या उशाशीं बसून होता. मित्रानें त्याचा निबंध लिहून दिला, कारण तो मागें पडूं नये. आमचें ओळखणें चुकलें नव्हतें. पण वही आमच्यापर्यंत कोणत्या वाटेनें आली हें आम्हीं विचारलेंच नव्हतें. त्या मुलांची क्षमा आम्हीं नंतर मागितली. तरी त्या दहा मिनिटांचें ओझें आजहि उतरलेलें नाहीं.

म्हणून वस्तु कोठें व कशाबरोबर सांपडली हें कळण्याचें महत्त्व काय, याचें एक जवळचें उदाहरण देऊन हा विषय पुरा करतों. कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेंकडीवर गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत इतर ब्राँझच्या वस्तूंसमवेत एक लहानशी मूर्ति सांपडली. ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची आहे. १९४५–४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं त्याच टेंकडीवर पद्धतशीर उत्खनन केलें. ही मूर्ति कोणा कारागिराच्या सहीची नाहीं, आणि थोर कलाकृतींत तिची गणना होणार नाहीं. लिलावांत ती केवळ एक बाहुली ठरली असती. पण ती पंचगंगेच्या कांठीं सातवाहनकाळच्या वस्तींत सांपडली हें ठाऊक असल्यामुळें ती एक साक्षीदार झाली आहे. भूमध्य समुद्रांतला माल आपल्या घाटावरून वर येत होता, हें ती उघड सांगते.

नातीस आम्हीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. हा मार्ग लांबचा आहे. ग्रीक व लॅटिन तर पाहिजेतच. त्यांशिवाय जर्मन, फ्रेंच व इटालियन ग्रंथ वाचतां आले पाहिजेत. नोकऱ्या थोड्या, पगार बेताचा, आणि तिशी उलटेपर्यंत घराकडे पाहावें लागण्याची तयारी हवी. आरंभ पुण्यास डेक्कन कॉलेजांत पुरातत्त्व शिकून करावा, म्हणजे हातास मातीची ओळख होईल व घरालाहि विचार करण्यास अवधि मिळेल. आणि कोणतीहि वस्तु पुढें आली, कितीहि सुंदर असली, तरी ही कोणाची हें विचारण्यापूर्वीं ही आली कोठून हें विचारावें. तिनें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग समजावणें संपलें का, धाकटे आजोबा?" आम्ही म्हणालों, संपलें, आणि अण्णांकडे पाहिलें.

अण्णांनीं अजून होकार दिलेला नाहीं. ते कर्ते आहेत. खर्चाचा हिशेब त्यांस करावयाचा आहे, आणि त्यांची काळजी खोटी नाहीं. परंतु परवां सकाळीं चहा घेतांना त्यांनीं नातीस हांक मारून विचारलें, "ती कोल्हापूरची मूर्ति ठेवली आहे कोठें?" ती म्हणाली, टाऊन हॉलच्या संग्रहालयांत. थोडा वेळ ते पंचांग चाळीत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारीं निघूं. अंबाबाईचें दर्शनहि पुष्कळ दिवसांत झालें नाहीं."